कुलूप कुणाच्या फोनला?

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या मुलींच्या हॉस्टेलवर पालकांची मीटिंग झाली. नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला अशी बरीच हॉस्टेलं आहेत, माझी बायको तिथल्या मुलींसाठी खानावळ चालवते म्हणून आम्हालाही बोलावणं होतं. झालं असं होतं की एका मुलीने सेमिस्टर अर्धवट टाकलं आणि गावी निघून गेली. तिचं एका मुलाशी जुळलेलं होतं, ते तुटलं, आणि तुटल्यावर त्याने दोघांच्या चॅटचे स्क्रीनशॉट आणि दोन फोटो तिच्या चुलतभावाला पाठवले. मीटिंग दीड तास चालली, चहा दोनदा झाला, आणि शेवटी ठरलं काय तर रात्री नऊला सगळ्या मुलींनी फोन ऑफिसात जमा करायचे. एक काका म्हणाले मोबाईल हेच सगळ्याचं मूळ. एक ताई म्हणाल्या मुलींनी मुळात फोटो काढू द्यायचेच कशाला. मागे कुणाचा तरी मोठा भाऊ बसला होता, तो म्हणाला हे त्या दोघांचं पर्सनल आहे, आपण त्यात कशाला पडायचं. दीड तासात त्या मुलाचं नाव एकदाही निघालं नाही, जसं काही ते स्क्रीनशॉट आपोआप वाऱ्याने उडून तिच्या गावी पोचले.

माझं म्हणणं मी तिथेही मांडलं, कुणी फारसं ऐकलं नाही, म्हणून इथे मांडतो. असा मुलगा मुलीला धमकावतो ना, ते आपल्या, म्हणजे घरच्यांच्या, जिवावर. ‘घरी सांगेन’ या दोन शब्दांत त्याचं सगळं भांडवल आलं. आणि आपण फोन काढून घेतो, कॉलेज बंद करतो, घाईघाईने स्थळं बघायला लागतो, तेव्हा त्याच्या भांडवलात भर घालतो. सहन करण्यापेक्षा सांगणं जोवर महाग पडतंय तोवर कुठलीही मुलगी सांगणार नाही, मग कायदे कितीही करा.

आता हे सगळं फोटोपासून सुरू होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या खानावळीत येऊन बसावं. एक मुलगी आहे, संध्याकाळी साडेसातला जेवायला येते. पहिला घास घेतला की फोन वाजतो. ती एका हाताने भात कालवत दुसऱ्या हाताने व्हिडिओ कॉल उचलते आणि काही न बोलता फोन गोल फिरवते. आधी समोरची भिंत आणि कॅलेंडर, मग शेजारच्या दोन मुली, मग पोळ्या लाटणारी माझी बायको, मग दार. दाराशी जरा थांबायचं, बाहेर कुणी उभं नाहीये हे पलीकडच्याला दिसावं म्हणून. मग ‘दिसलं ना आता’ म्हणून ठेवून देते, तोवर वरण थिजलेलं असतं. एकदा फोन सायलेंटवर राहिला तर जेवण होईस्तोवर अकरा मिस्ड कॉल, तिनेच हसत दाखवले. तिचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या लॅपटॉपवर जोडलेलं आहे, लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये तिला ते दिसतंही, पण काढलं तर भांडण होईल म्हणून काढत नाही. आणि शेजारच्या मुली म्हणतात, लकी आहेस यार, किती काळजी करतो! हे वाक्य ऐकलं की बायकोचं लाटणं पोळपाटावर जरा जोरात वाजतं.

याला इंग्रजीत सायबर डेटिंग अब्यूज म्हणतात, आपल्याकडे अजून नाव रुळलेलं नाही. अमेरिकेत अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१३ साली तीन राज्यांतल्या शाळांतल्या साडेपाच हजारांवर मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ज्यांचं कुणाशी चालू होतं त्यांतल्या साधारण चारातल्या एकाने सांगितलं की जोडीदाराने फोनवरून किंवा ऑनलाइन छळलंय. सगळ्यात जास्त सापडलेला प्रकार कुठला, तर आपलं सोशल मीडियाचं अकाउंट न विचारता वापरणं. म्हणजे आपण ज्याला ‘पासवर्ड शेअर करतो आम्ही, एवढा ट्रस्ट आहे’ म्हणतो त्याच्या अगदी शेजारची गोष्ट. आणि मदत मागायला गेलेले दहातला एकसुद्धा नाही. तो देश वेगळा, मुलं शाळेतली, तिथले आकडे नाशिकला लावू नयेत हे मान्य. पण आपल्या घरचंच बघा ना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या बायकांना विचारतात, तुम्ही कुठे आहात हे सतत कळलंच पाहिजे असा नवऱ्याचा आग्रह असतो का, तो मैत्रिणींना भेटू देत नाही का, दुसऱ्या पुरुषाशी बोललात तर चिडतो का. लग्नानंतरच्या ज्या वागण्याला सरकारी सर्वेक्षण नवऱ्याची हुकमत म्हणून मोजतं, तेच वागणं लग्नाआधी मोबाईलवर झालं की काळजी कसं काय ठरतं?

आणि ती मुलगी हे शिकली कुठून? दहावीत भाऊ हातातून फोन घेऊन चॅट वाचायचा. लॉक लावला तर ‘लपवण्यासारखं काय आहे’ हा प्रश्न यायचा. क्लासला पोचल्यावर फोटो टाक, निघताना टाक, सोबत कोण आहे ते दाखव. अठरा वर्षं जिला हेच प्रेम म्हणून दाखवलं, तिला एकोणिसाव्या वर्षी एका मुलाने तेच केलं तर त्यात काही खटकेल तरी का? बाप म्हणून मला हे लिहायला आवडत नाहीये, पण त्या मुलाने काही नवीन शोधलेलं नाही, घरच्यांचंच रजिस्टर त्याने पुढे चालू ठेवलंय.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं की मग मुलीची चौकशीच करू नये का, रात्री आठला निमाणी बसस्टँडहून बसने एकटी येणाऱ्या मुलीचं लोकेशन आईला दिसलं तर त्यात वाईट काय. काहीच वाईट नाही, आमच्याही घरात ते चालू असतं. प्रश्न एवढाच विचारायचा की तिने ते बंद केलं तर काय होतं. कुणी फोन करून ‘पोचलीस का, जेवलीस का’ विचारतं आणि विषय संपतो. कुणी रात्रभर झोपू देत नाही, मैत्रिणींना फोन लावतं, हाताची नस कापल्याचा फोटो पाठवतं, ‘तुझ्यामुळे मी मरतोय’ म्हणतं. बटण तेच, अ‍ॅप तेच. (काही आयासुद्धा दुसऱ्या गटात बसतील, पण तो वेगळा लेख होईल.)

दुसरा मुद्दा त्या काकांचा, मोबाईलच मूळ. तो मी झटकून टाकणार नाही, कारण मोबाईलने फरक पडलाय हे मला स्वतःच्या अनुभवावरून माहितीये आणि तो अनुभव काही अभिमानाने सांगण्यासारखा नाही. १९९७ साली मी कॉलेजात होतो. एका मुलीशी माझं होतं, तिने तोडलं. त्यानंतर जवळजवळ तीन महिने मी कॉलेज रोडच्या बूथवरून तिच्या घरी ब्लँक कॉल करायचो. रुपयाचं नाणं टाकायचं, तिच्या वडिलांनी उचलला तर ठेवायचा, तिने उचलला तरी बोलायचं नाही, नुसतं ऐकत राहायचं. आणि याला मी प्रेम समजत होतो, मित्रही समजत होते, एकाने तर नाणी उसनी दिली. शेवटी तिच्या वडिलांनी काय केलं, तर फोनला लाकडी पेटी करून घेतली आणि तिला कुलूप लावलं. ही तिच्या मैत्रिणीने मला खूप नंतर सांगितलेली गोष्ट. त्या कुलपाने बाहेर फोन लावणं बंद झालं. बाहेरून येणारा फोन वाजायचा तसा वाजतच राहिला. म्हणजे तिला मैत्रिणीकडे नोट्स मागायला फोन करता येईना, आणि माझे कॉल चालूच. माझी नाणी आणि हौस संपली तेव्हा ते थांबलं, त्या कुलपाचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

तेव्हा निदान नाण्याची अडचण होती, बूथवाला बघायचा, तिच्याकडचा फोन दिवाणखान्यात होता आणि दिवाणखान्यात माणसं होती. आज तो फोन तिच्या उशाशी आहे, मेसेजला पैसे पडत नाहीत, ब्लॉक केलं तर दहा मिनिटांत नवीन अकाउंट निघतं, आणि ब्लू टिक, लास्ट सीन, स्टोरी कुणी पाहिली याचा हिशेब तर कंपनीच काढून हातात देते. छळायला आता कष्टच पडत नाहीत. तंत्रज्ञान निर्दोष आहे असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. पण जमा करायचाच तर कुणाचा फोन? नऊ वाजता मुलींचे फोन पेटीत गेले, त्या मुलाचा त्याच्या खिशातच आहे की. मी मीटिंगमध्ये हे बोललो तर एक जण म्हणाले, मुलांच्या हॉस्टेलचं आम्हाला काय माहीत.

मग येतो तो जुना सवाल, फोटो पाठवलेच कशाला. सावधगिरीचा सल्ला म्हणून मला तो मान्य आहे, मी माझ्या मुलीलाही देतो. पण सल्ला घटनेच्या आधी द्यायचा असतो, घटना झाल्यावर तोच आरोप होतो. गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली ठेवली आणि त्याने आपल्या घरात भाडेकरू घुसवला, तर आपण किल्ली ठेवणाऱ्याला पोलीस स्टेशनात नेतो का? कायद्याने हा वाद कधीच मिटवलाय. २०१३ च्या फौजदारी दुरुस्तीत स्पष्टीकरण घातलं की खासगी क्षणांचा फोटो काढायला संमती होती पण तो पसरवायला नव्हती, तरी पसरवणं गुन्हाच, आणि आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. शिवाय हल्ली पाठवलेला फोटो लागतोच कुठे? इन्स्टावरचा साधा साडी डेचा फोटो घेऊन अ‍ॅपमध्ये नागडा करून मिळतो. त्या मुलीला आता काय सांगणार, साडी नेसू नकोस?

ही खोड आपल्या समाजाला आजची नाही. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी केली गेली. वर्तमानपत्रांत चर्चा काय, तर बायका कशा बिघडल्यात. त्या गदारोळावर चिडून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिलं आणि बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण पुरुषांसमोर धरला. मूल काही त्या विधवेला एकटीला झालेलं नव्हतं. आमच्या मीटिंगमध्ये मला सारखी ताराबाईंची आठवण येत होती, कारण तिथेही गुन्हा झाला होता, त्याचा परिणाम झाला होता, शिक्षाही ठरत होती, फक्त करणारा कुठे दिसत नव्हता.

‘कायदे आहेत ना, पोलिसात जा’ म्हणणारेही होते. खरंच आहेत. मुलीने नको म्हटल्यावरही मागे लागणं आणि तिच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं हे त्याच न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतं, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाच. खासगी फोटो पसरवण्याला आयटी कायद्याचं ६६ई आणि ६७अ आहे, लबाडीने दुसऱ्याचा पासवर्ड वापरण्याला ६६सी. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर बायका-मुलांवरच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. खासगी फोटो ऑनलाइन पसरू नयेत म्हणून स्टॉप एनसीआयआय नावाची सोय आहे, त्यात फोटो आपल्या फोनबाहेर जातच नाही, फक्त त्याचा एक डिजिटल ठसा जातो, आणि सामील असलेल्या कंपन्यांना त्यावरून तो फोटो ओळखून अडवता येतो. यातलं किती त्या मीटिंगमधल्या पालकांना माहीत होतं? मी विचारलं, एका हाताने मोजता येतील एवढे हात वर झाले. आणि मुलींना माहीत असलं तरी पुराव्याला स्क्रीनशॉट लागतात, ते असतात फोनमध्ये, आणि धमकी आली की मुलगी घाबरून पहिलं काम चॅट डिलीट करायचं करते. का? तर घरच्यांनी बघू नये म्हणून. फिरून फिरून गाडी तिथेच येते.

मुलांचं काय, हाही प्रश्न रास्त आहे. मुलीही फोन तपासतात, मुलांनाही पासवर्ड मागतात, ‘स्टोरीवर मला टॅग का नाही केलं’ वरून रात्र रात्र भांडतात, आणि कलम ७८ लिहिलंय ते बाईच्या मागे लागणाऱ्या पुरुषापुरतं, मुलाने तक्रार करायची तर दुसरी कलमं शोधावी लागतात. मुलगा रडला तर मित्र हसतात, म्हणून तो बोलतही नाही, आणि त्यात जिवावर बेतू शकतं. मुलाचं मुलावर प्रेम असेल तर अजून अवघड, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून मोकळं केलं पण घरात अजून कुठे मोकळं झालंय, तिथे तर ‘घरी सांगेन’ एवढं म्हटलं तरी पुरतं. हे सगळं कबूल. पण याने माझा मुद्दा कमजोर होत नाही, उलट धमकी कशावर चालते ते जास्तच स्वच्छ दिसतं. ज्याला घराची भीती जास्त, तो जास्त अडकतो. मुलीला ती भीती सहसा जास्त असते कारण कॉलेज सुटतं ते तिचं.

‘दोघांचं पर्सनल आहे’ म्हणणाऱ्या त्या भावाला मी एकच विचारलं, रॅगिंग आठवतं का. आमच्या वेळी ज्युनियरला रात्री उठवून नाचवायचे, त्याला मस्करी म्हणायचे, ओळख करून घेणं म्हणायचे, याने पोरगं कणखर होतं म्हणायचे, आणि बाहेरच्यांनी पडू नये हेही म्हणायचे. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला, २००९ मध्ये यूजीसीने नियम आणले, आता दर वर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून हमीपत्र भरून घेतात. रॅगिंग संपलं का? नाही. पण आता त्याला कुणी मस्करी म्हणत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या पोराला ‘तू हॉस्टेलला राहायलाच नको होतंस’ असंही सांगत नाहीत. ज्याने त्रास दिला त्याच्याकडे बोट जातं. एवढं व्हायला वीस-पंचवीस वर्षं गेली. प्रेमातल्या दादागिरीबद्दल आपण अजून मस्करीच्या काळातच आहोत.

मी सुचवलं ते साधं होतं. फोनची पेटी आणू नका, त्याऐवजी पालकांनी एका कागदावर सही करून मुलीला द्यावी की अशा कुठल्याही भानगडीत तू अडकलीस आणि सांगितलंस तर तुझा फोन जाणार नाही, कॉलेज बंद होणार नाही आणि तुझ्या लग्नाचा विषय निघणार नाही. यावर एका शिक्षकांनी अडचण काढली आणि ती खरी आहे. अकरावी-बारावीच्या मुली अठराच्या आतल्या असतात, तिथे लैंगिक गुन्हा असेल तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक, मग ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देणार कसं? नकाच देऊ. तिला आधीच स्पष्ट सांगा की हे कळवावं लागेल. मी गुप्ततेचं वचन मागतच नाहीये, शिक्षा होणार नाही याचं मागतोय. दुसरे एक म्हणाले, याने मुलींना मोकळं रान मिळेल. असेलही, दोन-चार जणी गैरफायदा घेतील. पण सध्या जे मोकळं रान आहे ते कुणाला मिळालंय, हे कुणी का मोजत नाही? सही कुणी केली नाही. एका मुलीच्या आईने तेवढा तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

आठवड्याभरात पेटी आली, पत्र्याची, खाने पाडलेली, प्रत्येक खान्यावर रूम नंबर. परवा प्रॅक्टिकलमुळे उशीर होऊन ती फोन फिरवणारी मुलगी नऊनंतर जेवायला आली, फोन पेटीत होता. भात कालवला तेवढ्यात माझ्या बायकोचा फोन वाजला. खानावळीच्या पाटीवर डब्यासाठी नंबर लिहिलाय, तो त्याने शोधून काढला होता. आवाज फार नम्र. काकू, ती आहे का तिथे, जरा व्हिडिओ लावून दाखवता का, फक्त एकदा. बायकोने मुलीकडे बघितलं. तिने मान वर न करता, ताटातला हात तसाच ठेवून, हळूच नको म्हणून मान हलवली. बायको म्हणाली, ती जेवतेय, आणि ठेवला. लगेच परत वाजला. तिने तो पिठाच्या डब्यावर उपडा घातला आणि वरणाची डाव घेऊन पंगतीत आली. फोन डब्यावर थरथरत होता, आणि पोरीने ताट पुढे करून अजून थोडा भात मागितला.